चौदा डोकी, एक घाट

पहाटे ३.२०

अंधेरी पश्चिम, गावदेवी डोंगर. अलार्म साडेतीनचा लावलाय, पण तो आधीच उठून बसलाय. बायको आणि मुलगी झोपल्यात, म्हणून दिवा लावायचा नाही. मोबाइलच्या उजेडात सॅक पुन्हा एकदा तपासतो. तीस मीटर दोर, अडीच हजारांचा, स्वतःच्या पैशाने घेतलेला. चार कॅराबिनर, दोन स्लिंग, टॉर्च, शिट्टी. फर्स्ट एडच्या डब्यात क्रेप बँडेज, कापूस, इलेक्ट्रॉलच्या पुड्या. ग्लुकोज बिस्किटांचे तीन पुडे. सुतळीचा गुंडा. सगळं आधी प्लास्टिकच्या पिशव्यांत, मग सॅकमध्ये. सॅकचं रेनकव्हर नावालाच असतं.

सोमवार ते शनिवार तो मरोळला एका कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावतो. पावसाळ्यातले रविवार ट्रेकचे, एका ट्रेकिंग ग्रुपचा लीडर म्हणून. उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा महिनाभराचा बेसिक कोर्स करून आलाय. त्यासाठी गोदामातून बिनपगारी रजा घेतली होती. ट्रेकच्या दिवसाचे बाराशे मिळतात. येणारे सगळे त्याला दादा म्हणतात. आपणही दादाच म्हणू.

पहाटे ३.५५

गल्ली उतरताना उजव्या हाताला अंधारात एक काळी भिंत उभी आहे. गिल्बर्ट हिल. एकसष्ट मीटर उंचीचा अखंड बेसॉल्ट, वर गावदेवीचं देऊळ, पायथ्याला इतक्या खेटून इमारती की काही स्वयंपाकघरांच्या खिडक्या थेट कातळावर उघडतात. लाव्हा थिजताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात, आणि तडे सरळ खाली उतरत गेले की असे उभे खांब तयार होतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी केव्हाच फोडून नेला, एवढा एक सुळका राहिला. २००७मध्ये पालिकेने त्याला वारसा यादीत घातलं. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच खांबांचा एक डोंगर आहे, डेव्हिल्स टॉवर. तो १९०६मध्येच राष्ट्रीय स्मारक झाला आणि लोक तिकीट काढून बघतात. दादाने त्याचा फोटो ग्रुपवर एकदा टाकला होता, खाली लिहिलं होतं, ‘आमच्या मागच्या बाजूला पण आहे.’

रिक्षावाला हायवेपर्यंत यायला तयार होतो. मध्यरात्रीपासून पाचपर्यंत सव्वापट भाडं. मीटर बघून दादा नव्वद रुपये देतो. हे ग्रुपच्या हिशेबात धरत नाहीत.

पहाटे ४.४५

गुंदवली मेट्रो स्टेशनच्या खाली सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर उभी आहे. ड्रायव्हरमामा स्टीअरिंगवर कपाळ टेकून झोपलेत. काल रात्री साडेबाराला एअरपोर्टची पार्टी सोडली, घरी जाऊन आंघोळ केली, गाडी धुतली आणि इथे येऊन लावली. घरी झोपलो असतो तर उठलो नसतो, म्हणतात. गाडी मालकाची. मामांना महिन्याला सतरा हजार आणि बाहेरगावच्या दिवसाला तीनशे भत्ता.

लोक जमायला लागतात. पंधरा नावं यादीत आहेत. कांदिवलीच्या दोन नर्सताई, रात्रपाळी संपवून थेट. आयटीतली पाच मुलं, एकसारखे पिवळे पाँचो. घाटकोपरचे एक गुजराती काका, वय बासष्ट, बूट नवे कोरे. जोगेश्वरीची आई आणि कॉलेजातली मुलगी. बाकीचे ठाण्याला आणि कल्याणला चढणार. दादाचा मदतनीस सगळ्यात मागच्या सीटवर बसतो. तो विशीतला आहे, डोंगरातही मागेच चालणार. त्याचे सातशे.

पाच वाजतात. एक जण अजून यायचाय. फोन लावला तर बंद. दादा पाच मिनिटं थांबतो, मग आणखी पाच. ‘निघू या मामा.’ त्या मुलाचे पाचशे अ‍ॅडव्हान्स आलेत, सहाशे बुडाले. चौदा.

सकाळी ५.४०

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मग मुलुंड, मग ठाण्याचा तीन हात नाका. पाऊस बारीक. दादा उभ्यानेच पुढून मागे येत उरलेले सहाशे-सहाशे गोळा करतो. माणशी अकराशेचा ट्रेक. बहुतेक जण जीपे करतात, गुजराती काका रोख देतात आणि पावती मागतात. पावती नाही म्हटल्यावर स्वतःच्याच वहीत लिहून ठेवतात. कल्याणला शेवटचे दोघे चढले, यादी मिटली.

गाण्यांचा प्रश्न निघतो. पिवळ्या पाँचोंना स्पीकर लावायचाय. दादा म्हणतो, ‘मुरबाडपर्यंत लावा, घाटात नाही.’ मामा काही बोलत नाहीत, पण आवाज दोनदा हळूच कमी करतात.

सकाळी ६.४५

मुरबाड. पोहे आणि चहा, माणशी साठ. हॉटेलवाल्याला रात्रीच फोन केलेला असतो, त्यामुळे कढई तयार. आणखी तीन गाड्या लागलेल्या, तिन्ही मुंबईच्या, तिन्ही आपल्यासारख्याच नाणेघाटला निघालेल्या. बाथरूमसमोर पंचवीस जणांची रांग आहे आणि अर्धा तास इथेच जातो. ट्रेकच्या जाहिरातीत हा अर्धा तास कधी नसतो. दादाला मात्र तो धरावाच लागतो, कारण पुढे सहा तास अशी सोय नाही.

मामा पोहे खात नाहीत. दोन चहा घेतात, तंबाखू मळतात. ‘पोटात पडलं की डोळा लागतो.’

सकाळी ७.५०

टोकावडे गेलं, वैशाखरे आलं. कल्याण-नगर रस्त्याच्या कडेला गाडी लावायचे शंभर. डाव्या-उजव्या हाताला भातखाचरं आणि समोर सह्याद्रीची भिंत, निम्म्यापासून वर ढगात.

गाइडकाका वाट बघत उभे आहेत. पन्नाशीचे, जवळच्याच वाडीतले ठाकर. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, पायात दोनशे रुपयांचे प्लास्टिकचे बूट, कमरेला कोयता. दिवसाचे हजार. आठवडाभर लावणीला जातात, तिथे चारशे आणि जेवण मिळतं. ‘लावणीला पाठ मोडते, इथं गुडघा,’ म्हणतात. दादा त्यांना काका म्हणतो. ते दादाला सर म्हणतात.

गोल करून सगळ्यांना उभं केलं जातं. नावं, आधी किती ट्रेक केलेत, दमा-बीपी-शुगर. जोगेश्वरीच्या आई दम्याचा पंप खिशातून काढून दाखवतात. मग नियम. काकांच्या पुढे कुणी जायचं नाही, मागच्या पोराच्या मागे कुणी राहायचं नाही. सेल्फीसाठी कठड्यावर चढायचं नाही. धबधब्याखाली उभं राहायचं तर मी सांगेन तिथेच आणि सांगेन तेवढाच वेळ.

एक पाँचो हळूच हसतो. दादा आवाज चढवत नाही. ‘२०२४, जून ३०. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एकाच घरातली पाच माणसं गेली. आधी पाणी घोट्याएवढं होतं.’ एवढंच बोलतो आणि सॅक पाठीला लावतो. त्या घटनेनंतर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीहुकूम जास्त कडक झाले. कुठला धबधबा कुठल्या शनिवार-रविवारी बंद, ते बघणं आता लीडरच्या कामात आलं. शुक्रवारी रात्री दादा आधी हवामान खात्याचा इशारा बघतो, मग काकांना फोन करतो. आज यलो आहे. ऑरेंज असता तर ट्रेक रद्द, आणि बाराशेही रद्द.

सकाळी ८.२०

वाट खाचरांच्या बांधावरून सुरू होते. बायका ओणव्या होऊन आवण लावतायत, गुडघ्याएवढ्या चिखलात. एक जण मान वर करून ओळ बघते आणि पुन्हा खाली वाकते. पाँचोवाले फोटो काढायला थांबतात. काका थांबत नाहीत, त्यामुळे त्यांनाही चालावं लागतं.

बांधावर मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, तिरके पळतात. नर्सताई किंचाळते, मग हसते.

सकाळी ९.१०

पहिला मोठा ओढा. मे महिन्यात इथे कोरडे धोंडे असतात. आता पाणी गुडघ्याच्या वर आहे आणि त्याला ओढ आहे.

काका आधी एकटे उतरतात. कोयत्याने तोडलेल्या काठीने तळ चाचपत मध्यापर्यंत जातात, उभे राहतात, पाण्याकडे बघतात. दोन मिनिटं काहीच करत नाहीत. लोकांना वाटतं, वेळ घालवतायत. ते रंग बघतायत. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, तर वर कुठेतरी जोराची सर झाली असं समजायचं आणि मागे फिरायचं. आज पाणी स्वच्छ आहे. ‘या.’

दोर निघतो. दादा अलीकडच्या ऐनाच्या बुंध्याला बोलाइनची गाठ मारतो, काका पलीकडे खडकाला वेढा देतात आणि ताणतात. मग दादा स्वतः मध्ये जाऊन उभा राहतो. सॅकच्या छातीवरचा पट्टा सोडायला लावतो, पडलं तर सॅक टाकून देता यावी म्हणून. तोंड वरच्या अंगाला, दोर पुढ्यात, दोन्ही हात दोरावर. पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. ‘काळ्या दगडावर पाय द्या, हिरव्यावर नाही.’ हे वाक्य तो चौदा वेळा म्हणतो, प्रत्येकाला वेगळं, निम्म्यांना हिंदीत. ओला बेसॉल्ट खरखरीत असतो, पाय धरून ठेवतो. शेवाळलेला धरत नाही.

गुजराती काका मध्यावर थबकतात. पाय हलत नाही. दादा त्यांच्या खालच्या अंगाला येऊन उभा राहतो, खांदा देतो, आणि विचारतो, ‘काका, दुकान कशाचं?’ ‘हार्डवेअर.’ ‘दोर विकता?’ ‘नायलॉनचा. आ तो बहु मोंघो छे.’ बोलता बोलता चार पावलं पडतात आणि काठ येतो.

चौदा माणसं पार व्हायला पस्तीस मिनिटं. दादा तेवढा वेळ पाण्यात. बाहेर येतो तेव्हा पावलं पांढरीफटक पडलेली. मोजतो. चौदा. मदतनीस शेवटी दोर सोडून, गुंडाळून आणतो. ओल्या दोराचं वजन दीडपट झालंय आणि तो आता दादाच्या पाठीवर.

सकाळी १०.१५

चढ लागला. बोलणं बंद, धापा सुरू. एका पाँचोच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. जिभेसारखा लोंबतोय. बूट चांगल्या कंपनीचा, साडेतीन हजारांचा, दोन वर्षं कपाटात ठेवलेला. न वापरता ठेवलेल्या बुटाची चिकटवण वाळून जाते आणि पहिल्याच ओल्या दिवशी तळ निघतो. दर ट्रेकला एक तरी असा निघतोच.

दादा सुतळीचा गुंडा काढतो. त्याला बसवतो. दोन पदर टाचेखालून, फुली पायाच्या वरून, पुन्हा चवड्याखालून, आणि गाठ बाहेरच्या बाजूला, म्हणजे दगडावर घासून तुटणार नाही. दात लावून आवळतो. ‘डावाही बांधू.’ ‘डावा ठीक आहे, दादा.’ ‘तासाभराने तोही निघेल. आत्ताच बांधू.’ गुंड्याची किंमत चाळीस रुपये. मुलगा साडेतीन हजारांकडे बघत राहतो. दादाच्या पायात ॲक्शन कंपनीचे, बाजूने शिवलेले. इथे चढणाऱ्या निम्म्या लीडरांच्या पायात तेच असतात.

सकाळी १०.४०

पठारावर पाच मिनिटं. ढग थोडा सरकतो आणि समोर जीवधन किल्ल्याचा कडा पोटापर्यंत दिसतो. आडव्या रेघा, एकावर एक. दादा हातातल्या काठीने दाखवतो. लाव्हा एकदाच नाही आला. आला, पसरला, थिजला. मग काही काळ शांत. तेवढ्यात वरच्या थराची माती झाली. मग पुन्हा लाव्हा, त्या मातीला भाजून लाल करत वरून गेला. ‘भाकऱ्यांची चवड बघा, तसं.’ महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचे तुकडे धरून पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन आजही या चवडीखाली आहे. टणक थर उभा कडा होऊन राहतो, पोकळ-भुसभुशीत थर झिजतो. पाणी टणक थराच्या ओठावरून खाली उडी मारतं, म्हणून धबधबे टप्प्याटप्प्याने पडतात.

कॉलेजातल्या मुलीला दगडात पांढरा स्फटिक सापडलाय, नखाएवढा. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे रिकामे राहिले की त्यांत पुढे खनिजं साचतात. ‘ठेवू?’ ‘बघ आणि ठेव. म्हणजे खाली ठेव.’ काका म्हणतात, ‘गारगोटी हाय. घेऊंदे की.’ दादा मान हलवतो. ती ठेवते.

सकाळी ११.०५

फरसबंदी लागली. मोठमोठे दगड बसवलेला घाटरस्ता, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून या नळीतून वर जुन्नरला जायचा, तिथून पैठणला. मधेच कोरीव लेणं, शेजारी पाण्याची टाकी. सगळे आत शिरतात, कारण आत पाऊस नाही.

लेण्याच्या तिन्ही भिंती बघण्यासारख्या आहेत. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी, राजपुत्र. पुतळे गेले. नावं राहिली आणि काहींची पावलं. बाजूच्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख, १८२८मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो अभ्यासकांच्या नजरेला आणला. राणीच्या घराण्याने कोणकोणते यज्ञ केले आणि प्रत्येकाला दक्षिणा काय दिली, याची ती यादी आहे. गाई किती, घोडे किती, हत्ती, रथ, कार्षापण. आकडे शब्दांत आणि अंकांतही कोरलेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव अंकांत यांची गणना होते. गुजराती काका चष्मा पुसून अंक शोधतात. त्यांना सापडतात. ‘टोटल मारली आहे का?’ विचारतात. दादाला माहीत नाही.

आयटीवाल्यांपैकी एक जण विचारतो, ‘भैया, रिव्हर्सवाला वॉटरफॉल कब आएगा?’ चार मिनिटं झालीत. दादा टॉर्च बंद करतो.

सकाळी ११.४५

नळीतून वर आलं की एकदम गर्दी. जुन्नरच्या बाजूने घाटघरहून इथपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यामुळे वर शे-दीडशे गाड्या. मक्याचं कणीस चाळीस, कांदाभजी पन्नास, चहा वीस. साडेतीन तास चालून आलेल्या चौदा जणांना इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं भेटतात आणि त्यांचा थोडा अपमान होतो. तोंडाशीच तो दगडी रांजण, मोठा, कोरीव. जकातीची नाणी यात टाकायचे असं सांगतात. त्याला टेकून एक जण भजी खातोय.

धबधबा बघायला सगळे कड्याकडे. ढगच ढग. पाणी कड्यावरून सरळ खाली पडतंय, जसं कुठेही पडतं. ‘हा उलटा कुठेय?’ ‘वारा आला की.’ ‘कधी येणार?’ दादा हात वर करून बोटं ओली करतो, दाखवण्यापुरतं. ‘ते माझ्याकडे नाही.’

तो लोकांकडे बघत नाही, कड्याकडेही नाही. त्याचं लक्ष पायांकडे आहे. काठापासून दहा फुटांवर त्याने आणि मदतनिसाने दोर जमिनीवर आडवा टाकलाय, ओल्या गवतात. त्याच्या पलीकडे कुणाचं पाऊल गेलं की शिट्टी. आपल्या चौदांचं असो की परक्याचं. पुण्याचा एक मुलगा चिडतो, ‘तुम्ही कोण?’ दादा म्हणतो, ‘कुणी नाही. मागे या.’ तो येतो.

वीस मिनिटांनी कोकणातून वारा चढतो. आधी कानांना कळतो. कड्याला धडकून वर वळतो आणि पडणारं पाणी मधेच अडतं, फुटतं, उलट वर उडून पठारावर येतं, सगळ्यांच्या तोंडावर. मिठाचं नाही इतकंच, बाकी समुद्राचा तुषार. सगळे ओरडतात. जोगेश्वरीच्या आई डोळे मिटून तोंड वर करून उभ्या राहतात, मुलगी त्यांचा व्हिडिओ काढते. अर्धा मिनिट, फार तर पाऊण. मग वारा पडतो, पाणी पुन्हा सरळ. पुन्हा येतो. असं चार-पाच वेळा.

दादा त्या वेळात पाठ धबधब्याकडे करून डोकी मोजतो. तेरा. पुन्हा मोजतो. तेरा. मदतनीस धावत भजीच्या टपरीकडे जातो. एक नर्सताई तिथे बाकड्यावर बसल्या बसल्या झोपली आहे, हातात अर्धं कणीस. छत्तीस तास जागी. कुणीतरी तिच्या अंगावर पाँचो टाकलाय. चौदा.

दुपारी १२.५०

उतार. लोकांना वाटतं ट्रेक झाला, आता खाली जायचं फक्त. लीडरच्या दृष्टीने दिवसाचा अवघड भाग आता आहे. गुडघे थरथरतात, पोटात भूक, मन गाडीत पोचलेलं. ओल्या फरसबंदीवर टाच टेकली की पाय निघून जातो. ‘चवडा आडवा टाका. बसून उतरा, लाज नका बाळगू.’ गुजराती काका बसून उतरतात. नवे बूट चिखलात एकजीव झालेत. पाँचोचा डावा तळ निघाला, पण सुतळीने धरून ठेवलाय.

एक घसरणं, एक मुरगळणं, एक खरचटणं. क्रेप बँडेज निघतं, जास्त काही नाही. मुरगळलेल्या मुलाची सॅक काकांच्या पाठीवर जाते. त्यांची स्वतःची पिशवी पुढे, सॅक मागे, आणि ते सगळ्यांच्या आधी उतरतात.

दुपारी ३.२०

वैशाखरेतल्या मावशींचं घर. पडवीला पत्रा, पत्र्याखाली दोन चुली. माणशी दीडशे. सकाळी अकरापासून तांदळाच्या भाकऱ्या चालल्यात. उकड काढायची, मळायची, परातीत पाण्याच्या हाताने थापायची, तव्यावर पाणी लावलेली बाजू वर, मग निखाऱ्यावर फुगवायची. पंचेचाळीस भाकऱ्या. तांदूळ घरचा. लाकूड ओलं, म्हणून चुलीत फुंकणीने जीव काढावा लागतो. भात-आमटी मात्र गॅसवर. पिठलं, कुर्डूची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, पापड. शेजारच्या दोघी मदतीला, प्रत्येकी तीनशे. लावणीला गेल्या असत्या तर चारशे मिळाले असते. ‘पण इथं पाय कोरडं राहत्यात,’ त्यांतली एक म्हणते.

एकोणीस ताटांची सांगी होती, जेवायला अठरा. दादा एकोणीसचे पैसे देतो. मावशी एकाचे परत करायला लागतात, तो घेत नाही. भाकरी थापून झालेली असते, ती काही परत पीठ होत नाही. ते ताट मुरगळलेला आणि पाँचो वाटून खातात.

काकांचे हजार रोख. दोन पाचशेच्या नोटा ते कागदाच्या घडीत ठेवतात. पुढच्या रविवारी कोण येणार, तेवढं विचारून जातात. खाचरातला बांध फुटलाय म्हणतात, उजेड आहे तोवर बघायला पाहिजे.

दुपारी ४.४५

मामांची झोप झाली आहे, साडेतीन तास, मागच्या सीटवर. त्यांनी सीटांना जुनी वर्तमानपत्रं लावलीत, खाली पोती अंथरलीत. ‘बूट पोत्यावरच.’ लोक ओल्या कपड्यांत चढतात. गाडीत दहा मिनिटांत ओल्या मोज्यांचा वास आणि त्यानंतर पाच मिनिटांत सगळे झोपलेले. दादा पुढे मामांच्या शेजारी. त्याला झोपायचं नाही. ड्रायव्हरशी बोलत राहणं हेही लीडरचं काम.

मामा सांगतात, गाडी दहाच्या ॲव्हरेजने बावीस लिटर डिझेल पिते आज. दोन हजार तिथेच गेले. साडेआठ हजारांतले बाकीचे मालकाचे. त्यातून हप्ता, विमा, टॅक्स. ‘ट्रिप नसली तर गाडी उभी राहते, पण हप्ता उभा राहत नाही.’

संध्याकाळी ६.३५

कल्याणच्या अलीकडे गाडी अडकते. मुरबाडकडून येणारा सगळा रविवार एकाच रस्त्यावर आला आहे. पुढे शहाड, मग दुर्गाडी, मग भिवंडी बायपास. चाळीस मिनिटांत दोन किलोमीटर. टपरीवर चहा, पंधरा रुपये, सतरा कप. पिवळे पाँचो उतरून चहा धरून गाडीबरोबर चालत राहतात, गाडीच्या पुढेही जातात. दादा खिडकीतून मोजतो. सवय.

रात्री ९.०५

गुंदवली. शेवटचे चार उतरतात. गुजराती काका ठाण्यालाच उतरले, जाताना व्हिजिटिंग कार्ड देऊन गेले, दोर लागला तर फोन कर, होलसेल भाव. नर्सताईंची उद्या पुन्हा रात्रपाळी आहे. ‘थँक्यू दादा’ म्हणून सगळे जातात. पाँचो उरलेली सुतळी मागून घेतो.

पुलाखाली थांबून दादा ग्रुपवाल्याला हिशेब पाठवतो. जमा पंधरा हजार नऊशे. गाडी साडेआठ हजार, नाश्ता एक हजार वीस, जेवण दोन हजार आठशे पन्नास, गाइड हजार, पार्किंग शंभर, चहा दोनशे पंचावन्न, स्वतःचे बाराशे, मदतनिसाचे सातशे. शिल्लक दोनशे पंच्याहत्तर. ग्रुपवाल्याचा उलट मेसेज येतो: ‘चहा कशाला?’ मग एक हसरा चेहरा. ग्रुपला पैसे सुटतात ते तीन गाड्या भरल्या की. एक गाडी, तीही एक सीट रिकामी, म्हणजे पाणी जिथल्या तिथे.

मामा पोती झटकून, वर्तमानपत्रं काढून गाडी पुसायला लागलेत. पहाटे साडेपाचला सीप्झचा स्टाफ उचलायचाय.

रात्री १०.१५

गावदेवी डोंगर. नळाला आता पाणी नसतं, पिंपातलं बादलीभर घेऊन दादा दोर धुतो. चिखल राहिला की आतले धागे कुरतडतो. हातभर हातभर करत, बोटांनी दाबत सगळे तीस मीटर तपासतो. एका ठिकाणी बाहेरचं कापड विसविशीत झालंय, ओढ्याच्या खडकावर घासलेलं. तिथे लाल टेप लावतो. कदाचित तेवढा तुकडा कापावा लागेल, मग दोर सत्तावीस मीटर.

मुलगी जागी आहे. व्हिडिओ बघायचाय म्हणते. दादाकडे धबधब्याचा व्हिडिओ नाही. ग्रुपवर जोगेश्वरीच्या मुलीने टाकलाय, तो लावून देतो आणि जेवायला बसतो.

फोन वाजतो. पुढच्या रविवारी अंधारबन. अकरा नावं आलीत.